चौक रिकामा झाल्यावर: युक्रेनच्या आंदोलनांची सरळ गोष्ट

युक्रेन हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते फेब्रुवारी 2022 मध्ये. डॉक्टरकी शिकायला गेलेली मराठी मुलं खारकीव्ह, सुमीच्या तळघरांत अडकली होती आणि इकडे आईबाप टीव्हीसमोरून हलत नव्हते. 'ऑपरेशन गंगा'तून पोरं परत आली, बातम्या मागे पडल्या आणि 'रशियाने हल्ला केलेला देश' एवढीच युक्रेनची ओळख उरली. तिथल्या लोकांनी 1990 पासून तीनदा राजधानीतला एकच चौक अडवून सत्तेला नमवलं, हे फारसं कुणी सांगत नाही. सांगणारे सांगतात तेही दोन टोकांनी: एक तर 'लोकशाहीचा विजय', नाही तर 'सगळं अमेरिकेने घडवलं'. दोन्ही सोपं आहे, म्हणून खपतं.

मला मात्र एक साधा प्रश्न पडतो. जिंकलेले लोक घरी गेले की पुढे काय होतं? युक्रेनी माणसं यात दोनदा सपशेल फसली. तिसऱ्या वेळी ती घरी गेली, पण लक्ष ठेवायचं सोडलं नाही. हा फरक कसा पडला, ते पाहू.

आधी एका जड शब्दाचा निकाल लावतो. 'नागरी समाज' किंवा सिव्हिल सोसायटी म्हणजे घर आणि सरकार यांच्या मधली जागा. कामगार संघटना, वकिलांची संघटना, रहिवाशांची समिती, स्वतंत्र वर्तमानपत्र, माहितीच्या अर्जांवर अर्ज टाकणारे चिवट लोक, हे सगळे या जागेत राहतात. सोव्हिएत काळात ही जागा नव्हतीच म्हणा ना. संघटना ढिगाने होत्या, पण एकूण एक पक्षाच्या.

तुमचीच सही आहे

4 सप्टेंबर 1965. कीव्हच्या एका थिएटरात नव्या सिनेमाचा पहिला खेळ. समीक्षक इवान झ्यूबा मंचावर आले आणि सिनेमाबद्दल बोलता बोलता, त्या उन्हाळ्यात युक्रेनी लेखक-विचारवंतांना गुपचूप अटक झाली आहे, हे त्यांनी सांगून टाकलं. सभागृहात व्याचेस्लाव चोर्नोव्हिल आणि तरुण कवी वासिल स्तूस उठले आणि जुलमाच्या विरोधात असणाऱ्यांनी उभं राहावं, असं ओरडले. काही जण उभे राहिले. स्तूस यांना संशोधन संस्थेतून काढून टाकलं गेलं, पुढे दोनदा शिक्षा झाली. 1980 च्या खटल्यात सरकारने त्यांना जो वकील नेमून दिला, तो व्हिक्टर मेद्वेदचूक पुढे युक्रेनमधला पुतीन यांचा सर्वात जवळचा राजकारणी झाला. स्तूस 1985 मध्ये पेर्मच्या छळछावणीत वारले. तारीख पुन्हा 4 सप्टेंबरच.

1975 मध्ये सोव्हिएत नेत्यांनी हेलसिंकी करारावर सही केली. त्यांना हवी होती युद्धोत्तर सीमांना मान्यता. मानवी हक्कांची कलमं सोबत आली. 9 नोव्हेंबर 1976 रोजी लेखक मिकोला रुदेन्को आणि इतर नऊ जणांनी 'युक्रेनी हेलसिंकी गट' जाहीर केला. त्यांचं म्हणणं एवढंच: सही तुमची, मग पाळा. त्याच रात्री रुदेन्कोंच्या घरावर दगडविटा आल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या ओक्साना मेश्को जखमी झाल्या. गटातले बहुतेक जण तुरुंगात गेले. पण सत्तेला तिच्याच कागदावर पकडायची सवय इथे लागली. पुढे ती वारंवार दिसते.

मग चेर्नोबिल. 26 एप्रिल 1986 ला अणुभट्टी फुटली आणि पाच दिवसांनी, शंभरेक किलोमीटरवरच्या कीव्हमध्ये मे दिनाचं संचलन ठरल्याप्रमाणे झालं. मुलाबाळांसह. सरकार आपल्या जिवाबद्दलही खोटं बोलतं, हे ज्याला कवितेशी आणि भाषेशी देणंघेणं नव्हतं त्यालाही त्या वर्षी कळलं. 1987 मध्ये 'झेलेनी स्वित' म्हणजे 'हिरवं जग' ही पर्यावरण संघटना उभी राहिली. झाडापाण्याबद्दल बोलणाऱ्याला देशद्रोही म्हणणं अवघड, म्हणून विरोधाला तो दरवाजा मिळाला.

दुसरा दरवाजा उघडला खाणकामगारांनी. जुलै 1989 मध्ये पूर्वेकडच्या दोनबास भागातल्या खाणी बंद पडल्या. मागण्यांत घरं होती, निवृत्तिवेतन होतं आणि साबणही होता. कोळशाने माखून वर येणाऱ्या माणसाला अंघोळीला साबण मिळत नव्हता, आणि हे कामगारांचं राज्य म्हणवून घेत होतं! 'युक्रेनमधली आंदोलनं म्हणजे पश्चिम भागातल्या राष्ट्रवाद्यांचं खूळ' असं म्हणणाऱ्यांनी हा संप आठवावा. त्याच सप्टेंबरात 'रुख' ही लोकचळवळ स्थापन झाली आणि 21 जानेवारी 1990 रोजी लाखो लोकांनी हातात हात घालून ल्विव्हपासून कीव्हपर्यंत साखळी केली.

ग्रॅनाइटवरचे तंबू

2 ऑक्टोबर 1990. बीजिंगच्या तिआनमेन चौकात रणगाडे येऊन सव्वा वर्ष झालं होतं. कीव्हच्या मुख्य चौकातल्या ग्रॅनाइटच्या फरशीवर विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले आणि उपोषण सुरू केलं. डोक्याला पांढऱ्या पट्ट्या. मागण्या नेमक्या होत्या: पंतप्रधान व्हिताली मासोल यांनी जावं, बहुपक्षीय निवडणूक नव्याने घ्यावी, युक्रेनी मुलांची सैन्यातली नोकरी युक्रेनमध्येच असावी, कम्युनिस्ट पक्षाची मालमत्ता राष्ट्राची व्हावी आणि मॉस्कोबरोबर नवा संघकरार करू नये. शाळा-कॉलेजं बंद पडू लागली, कारखान्यांतले कामगार येऊन मिळाले. 17 ऑक्टोबरला संसदेने मागण्या मान्य करणारा ठराव केला. तंबू उतरले, पोरं घरी गेली.

आणि ठराव कागदावर राहिला. मासोल गेले खरे, पण नवी निवडणूक काही झाली नाही. कडी म्हणजे 1994 मध्ये हेच मासोल पुन्हा पंतप्रधान झाले. ज्या एका मागणीचा विजय हातात होता, तोही असा परत गेला. त्याआधी, 1991 मध्ये, सोव्हिएत संघच कोसळला आणि 1 डिसेंबर 1991 च्या सार्वमतात 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला, अगदी पूर्वेकडच्या दोनेत्स्कमध्येही 83 टक्क्यांहून जास्त. पण सत्तेत माणसं तीच, फक्त झेंडा बदललेला. जून 1993 मध्ये दोनबासच्या खाणी पुन्हा बंद पडल्या आणि त्या दबावापायी 1994 मध्ये संसदेची आणि राष्ट्राध्यक्षांची मुदतपूर्व निवडणूक घ्यावी लागली. चळवळीच्या इतिहासात हा संप नेहमी अडगळीत टाकतात. माझ्या मते तो चौकाइतकाच महत्त्वाचा आहे. खाणकामगारांनी रस्त्यावर येऊन मागितलं काय, तर मतदान!

आता मध्येच एक प्रश्न. शेजारच्या रशियात, बेलारूसमध्ये सत्ता एका हातात एकवटत गेली. युक्रेनमध्ये तसं का झालं नाही? लोक जास्त शूर होते म्हणून, असं मी म्हणणार नाही. बेलारूसच्या लोकांनी 2020 मध्ये काय सोसलं ते जगाने पाहिलंय. कारण बरंचसं रचनेत आहे. युक्रेनमध्ये पोलाद, गॅस, टीव्ही वाहिन्या वेगवेगळ्या धनदांडग्यांच्या हाती होत्या आणि ते एकमेकांच्या जिवावर उठलेले. दोनेत्स्कचा गट वेगळा, नीप्रोचा वेगळा. चर्चही एक नाही. पश्चिम आणि पूर्व यांची मतं वेगळी, त्यामुळे कुणालाच सगळा देश मुठीत घेता येईना. या भांडणांच्या फटींतून पत्रकार, संघटना, आंदोलनं यांना श्वास घ्यायला हवा मिळाली. भ्रष्टाचारातून आलेलं स्वातंत्र्य, पण स्वातंत्र्यच.

ती हवा किती विषारी होती, तेही दिसलं. 'उक्राइन्स्का प्राव्दा' हे ऑनलाइन वृत्तपत्र सुरू करणारे पत्रकार गेओर्गी गोंगाद्झे 16 सप्टेंबर 2000 रोजी बेपत्ता झाले. नोव्हेंबरात जंगलात शिर नसलेला देह सापडला. महिनाअखेरीस विरोधी नेते ओलेक्सांदर मोरोझ यांनी संसदेत ध्वनिफिती उघड केल्या. त्यांत राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा यांच्यासारखा आवाज गोंगाद्झेंना 'बघून घ्यायच्या' गोष्टी करत होता. 'कुचमाविना युक्रेन' हे आंदोलन काही महिने चाललं आणि 9 मार्च 2001 च्या चकमकीनंतर मोडून निघालं. टीव्ही सत्तेच्या हातात होता, अर्ध्या देशाला काय चाललंय तेच कळलं नाही.

हातवाऱ्यांची बातमी

पुढच्या वेळी टीव्हीतूनच भगदाड पडलं. नोव्हेंबर 2004. राष्ट्राध्यक्षपदासाठी कुचमांचे उमेदवार व्हिक्टर यानुकोविच विरुद्ध व्हिक्टर युशचेन्को. युशचेन्को यांच्यावर सप्टेंबरमध्ये डायॉक्सिनचा विषप्रयोग झाला होता. तो सडलेला चेहरा घेऊनच ते प्रचार करत होते. 21 नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत एक्झिट पोल युशचेन्कोंना पुढे दाखवत होते आणि निवडणूक आयोग यानुकोविचना. दोनेत्स्क प्रांतात म्हणे 96 टक्क्यांहून जास्त मतदान झालं!

25 नोव्हेंबरला सरकारी वाहिनीवर बातम्या सुरू होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात नतालिया द्मित्रूक नेहमीप्रमाणे कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेत अनुवाद करत होत्या. निवेदिका अधिकृत निकाल वाचत होती. द्मित्रूक यांनी अनुवाद सोडून स्वतःचं सांगायला सुरुवात केली: निकाल खोटे आहेत, विश्वास ठेवू नका, निवडून आलेत ते युशचेन्को. त्यांच्या मनगटावर युशचेन्को समर्थकांची नारिंगी फीत होती. स्टुडिओत कुणाला काही कळलं नाही, कारण सांकेतिक भाषा येणारी तिथे त्याच एकट्या. प्रसारण संपल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं आणि वाहिनीतल्या पत्रकारांचं बंड आणखी पेटलं.

चौकात बर्फात लाखोंची गर्दी उभी होती. पण निकाल फिरला तो गर्दीबरोबर पुराव्यांमुळेही. 1994 पासून काम करणाऱ्या 'युक्रेन मतदार समिती'सारख्या संस्थांचे निरीक्षक मतदान केंद्रांवर होते. कुठे बसमधून फिरवून तीच माणसं पुन्हा पुन्हा मतदान करत होती, कुठे घरून मतदानाच्या पेट्या आधीच भरलेल्या, याच्या नोंदी होत्या. 3 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ही फेरी रद्द केली आणि 26 डिसेंबरच्या फेरमतदानात युशचेन्को सुमारे 52 टक्के मतांनी निवडून आले. एक थेंब रक्त सांडलं नाही.

'पैसा बाहेरचा होता' हा आक्षेप इथूनच सुरू होतो, तेव्हा त्याबद्दल स्पष्ट बोलू. होता. पाश्चात्त्य देणगीदारांनी निवडणूक निरीक्षणाला, प्रशिक्षणाला, एक्झिट पोलला पैसा दिला. रशियाने यानुकोविचच्या मागे ताकद लावली आणि पुतीन स्वतः मतदानाच्या तोंडावर कीव्हला येऊन गेले. पण देणगीच्या पैशातून कार्यशाळा होतात. लाखो लोक उणे तापमानात दोन-तीन आठवडे रस्त्यावर उभे राहतात ते मत चोरीला गेल्याचा राग असतो म्हणून.

मग लोक घरी गेले. आपला माणूस गादीवर बसला, आता तो बघेल. युशचेन्को आणि त्यांच्या पंतप्रधान युलिया तिमोशेन्को यांचं वर्षभरात फाटलं. 2006 मध्ये यानुकोविच पंतप्रधान झाले आणि 2010 मध्ये, आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी स्वच्छ ठरवलेल्या निवडणुकीत, राष्ट्राध्यक्ष. पुढच्या वर्षी तिमोशेन्को तुरुंगात. नारिंगी क्रांतीची ही अशी वरात निघाली.

पुढाऱ्यांवर भरवसा नाही

21 नोव्हेंबर 2013 ला सरकारने युरोपीय संघाबरोबरचा सहकार्य करार ऐनवेळी बासनात गुंडाळला. त्या संध्याकाळी पत्रकार मुस्तफा नय्येम यांनी फेसबुकवर लिहिलं की 'लाइक' मोजणार नाही, येणार असाल तर सांगा. रात्री साडेदहाला चौकातल्या स्मारकापाशी जमायचं ठरलं. नय्येम यांचा जन्म काबूलचा. आणि या आंदोलनात गोळीने पहिल्यांदा मेलेल्यांत सेर्ही निगोयान हा आर्मेनियन कुटुंबातला होता, मिखाइल झिझ्नेव्स्की बेलारूसचा. 'हे सगळे कट्टर वंशवादी' हा प्रचार ऐकताना ही नावं ध्यानात असावीत. कडवे उजवे चौकात होते, लढण्यात पुढेही होते. पण ऑक्टोबर 2014 च्या संसदीय निवडणुकीत स्वोबोदा पक्षाला पाच टक्केही मतं पडली नाहीत आणि 'राइट सेक्टर'ला दोनही नाहीत.

सुरुवातीला गर्दी बेताची होती. 30 नोव्हेंबरच्या पहाटे बेर्कुत या दंगल पोलिसांनी चौकात थांबलेल्या विद्यार्थ्यांना झोडपलं आणि दुसऱ्या दिवशी लाखो लोक आले. करार राहिला बाजूला. पोरांना मारलं, हा मुद्दा झाला. 11 डिसेंबरच्या रात्री पोलीस पुन्हा चाल करून आले तेव्हा मिखाइलिव्स्की मठाच्या घंटा तासन् तास वाजत राहिल्या आणि शहरभरातून लोक चालत, टॅक्सीने चौकाकडे धावले. तिथले लोक सांगतात, अशा धोक्याच्या घंटा याआधी वाजल्या होत्या त्या 1240 मध्ये, मंगोल आले तेव्हा.

त्या तीन महिन्यांतलं चौकाचं जीवन बघण्यासारखं आहे. पोत्यांत बर्फ भरायचा, वरून पाणी ओतायचं, रात्रीत गोठून भिंत तयार. स्वयंपाकघर, वाचनालय, 'खुलं विद्यापीठ', दवाखाना. जखमींना पोलीस इस्पितळातून उचलून नेत, म्हणून इस्पितळांच्या दारात पाळीने पहारा. युक्रेनीत चौकाला 'मैदान' म्हणतात, म्हणून गाडीवाल्यांचा गट 'ऑटोमैदान'. पकडलेल्यांना वकील मिळवून देणारी 'युरोमैदान एसओएस' ही हेल्पलाइन. युक्रेनी खेड्यात घर बांधायला, पीक काढायला सगळ्यांनी मिळून राबायची 'तोलोका' नावाची रीत आहे, अगदी आपल्या इर्जिकीसारखी. राजधानीच्या मध्यात तेच चाललं होतं.

16 जानेवारी 2014 ला संसदेने हात वर करून घाईघाईत कायदे केले: निदर्शनात हेल्मेट घालायचं नाही, परवानगीशिवाय पाचपेक्षा जास्त गाड्यांचा ताफा काढायचा नाही, परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांनी स्वतःला 'परदेशी हस्तक' म्हणवून घ्यायचं. तीन दिवसांनी लोक डोक्यावर पातेली, चाळण्या घालून चौकात आले. त्याच दिवशी ह्रुशेव्स्की रस्त्यावर आग भडकली आणि समजूत घालायला गेलेले विरोधी नेते, मुष्टियोद्धा व्हिताली क्लिच्को यांच्या तोंडावर कुणी तरी अग्निशामकाचा फवारा मारला. पुढाऱ्यांची पत तेवढी उरली होती.

18 ते 20 फेब्रुवारीला गोळ्या चालल्या. मृतांना लोक 'स्वर्गीय शतक' म्हणतात, एकूण शंभराच्या आसपास. 21 तारखेला युरोपीय मंत्र्यांच्या मध्यस्थीने समझोता झाला: यानुकोविच डिसेंबरपर्यंत राहतील. शवपेट्या चौकात असताना पुढारी हे सांगायला आले आणि लोकांनी ते धुडकावलं. यानुकोविच त्या रात्री कीव्ह सोडून गेले.

मागे राहिला तो मेझिहिर्याचा महाल. नोकरांनी जाताना कागदपत्रं जवळच्या जलाशयात फेकली होती. पाणबुड्यांनी ती वर काढली आणि पत्रकारांनी त्याच महालाच्या आवारात, अगदी सॉनामध्येसुद्धा, पान पान वाळवून, स्कॅन करून जगासमोर मांडली. एरवी एकमेकांच्या बातम्या पळवणारी ही माणसं तिथे एकत्र बसून ओले कागद सुटे करत होती. या सगळ्या इतिहासातलं एक दृश्य निवडायचं झालं तर मी हेच निवडेन.

दुसऱ्या दिवसाचं काम

या वेळी संघटना घरी गेल्या नाहीत. सुधारणांचे मसुदे लिहून खासदारांच्या मागे लागणारी आघाडी उभी राहिली. सरकारी खरेदी उघड्यावर आणणारी 'प्रोझोरो' ही ऑनलाइन पद्धत स्वयंसेवकांच्या हातून घडली आणि 2016 पासून सक्तीची झाली. कुठल्या शाळेने बटाटे काय भावाने घेतले, तेही कुणालाही पाहता येतं. 2015 मध्ये भ्रष्टाचारविरोधी तपास संस्था 'नाबू' आली, 2019 मध्ये त्यासाठी वेगळं न्यायालय. यातलं काहीही सरकारने आपणहून दिलं नाही. देणगीदार देशांनी बाहेरून दाबलं, संस्थांनी आतून.

त्याच वेळी रशियाने क्रिमिया घेतला आणि दोनबासमध्ये युद्ध पेटलं. मार्च 2014 मध्ये हंगामी संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की लढायला तयार असे जेमतेम सहा हजार सैनिक आहेत. बुटांपासून ड्रोनपर्यंत सामान लोकांनी वर्गणी काढून पोचवलं. 2022 मध्ये तर लष्करी ड्रोनसाठी तीन दिवसांत 60 कोटी रिव्न्या (युक्रेनी चलन) जमल्या. तुर्की कंपनीने ड्रोन फुकट दिले, म्हणून त्या पैशातून उपग्रहाची सेवा घेतली गेली. त्याच वर्षी, 'युरोमैदान एसओएस' चालवणाऱ्या 'सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज'ला शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

सगळं गोड नाही. 2 मे 2014 ला ओदेसात मैदानचे, म्हणजे चौकातल्या आंदोलनाचे, समर्थक आणि विरोधक भिडले आणि 48 माणसं मेली, बहुतेक विरोधक, जळत्या इमारतीत. न्याय रखडतच राहिला. खेर्सोनच्या कार्यकर्त्या कातेरिना हांझ्यूक यांच्यावर 2018 मध्ये ॲसिड फेकलं गेलं, तीन महिन्यांनी त्या गेल्या. ते फेकायला लावणारा कोण, असं विचारत त्यांचे मित्र वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत राहिले. अखेर 2023 मध्ये प्रांतीय परिषदेच्या माजी अध्यक्षाला दहा वर्षांची शिक्षा झाली. आणि 2013 मध्ये चौकात मार खाल्लेला सोळा वर्षांचा रोमान रातुश्नी पुढे कीव्हमधली एक हिरवी टेकडी बिल्डरांपासून वाचवायला लढला, मग सैन्यात गेला. जून 2022 मध्ये इझ्यूमजवळ तो मारला गेला, वय 24. जो वर्ग सरकारला प्रश्न विचारतो, तोच आघाडीवर संपतोय. भरीला 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि अनेक संस्था, छोटी वृत्तपत्रं एका रात्रीत कंगाल झाली. परक्या पैशावर किती विसंबायचं, हा प्रश्न तिथे आता भाषणापुरता राहिलेला नाही.

युद्धकाळ, म्हणजे मार्शल लॉ, म्हणजे निवडणुका नाहीत, सभांवर बंधनं. अशात 22 जुलै 2025 ला संसदेने नाबू आणि तिच्या जोडीच्या अभियोग यंत्रणेची स्वायत्तता काढून घेणारा कायदा केला आणि झेलेन्स्कींनी त्याच दिवशी सही केली. संध्याकाळी अध्यक्षीय कार्यालयाजवळच्या फ्रांको नाट्यगृहापाशी तरुण मुलंमुली जमली. हातात खोक्यांचे पुठ्ठे, त्यावर मार्करने लिहिलेलं. ल्विव्ह, नीप्रो, ओदेसातही तेच. संचारबंदीच्या आत घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. सरकार पाडा, असं सहसा कुणी म्हणत नव्हतं. युद्ध चालू आहे याचं भान होतं. कायदा मागे घ्या, एवढंच. युरोपनेही डोळे वटारले. 31 जुलैला संसदेने 331 विरुद्ध शून्य मतांनी स्वायत्तता परत दिली.

नोव्हेंबरात नाबूने अणुऊर्जा कंपनीतल्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या लाचखोरीचं प्रकरण बाहेर काढलं. धागे झेलेन्स्कींच्या जुन्या व्यावसायिक भागीदारापर्यंत गेले. 28 नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख, देशातले दुसऱ्या क्रमांकाचे ताकदवान मानले जाणारे आंद्री येर्माक यांच्या घराची झडती झाली आणि त्यांनी त्याच दिवशी पद सोडलं. जुलैचा तो कायदा टिकला असता, तर हे प्रकरण नाबूकडून काढून घ्यायचा अधिकार प्रॉसिक्युटर जनरलकडे, म्हणजे सर्वोच्च सरकारी वकिलाकडे, गेला असता. आणि त्या पदावरचा माणूस, संसदेच्या संमतीने का होईना, राष्ट्राध्यक्षच नेमतात.